गोटा पायजो!

धनराजभाऊ नसते तर आज मी साताऱ्यात असतो आणि माझ्या सासऱ्यांची अँबॅसेडर भंगारात असती. दोघांची रवानगी बहुतेक एकाच दिवशी झाली असती. म्हणून काय घडलं ते सांगण्याआधी त्यांचं नाव घेतो. धनराजभाऊ आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असतात, वर्ध्याला बोरगाव मेघेत आमच्या शेजारीच राहतात आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करतात (दुसऱ्याला उगाच त्रास कशाला!). मला ते कधी नावानं हाक मारत नाहीत. "ए सातारकर!" म्हणतात.

सातारकर मी आहेच. शिक्षण आठवी, तीही अर्धी. पुण्यात खानावळीत कामाला असताना वर्ध्याची सुषमा भेटली, लग्न झालं, लगेच खानावळ बंद पडली (या दोन घटनांचा संबंध नाही, असं सुषमा सांगते). तेव्हा सासऱ्यांनी "इकडंच या जवाईबापू" म्हणून बोलावून घेतलं, राहायला वरची खोली दिली, जिनिंगमध्ये चिकटवून दिलं. त्यांचे उपकार एवढे, की ते शिंकले तरी मी रुमाल घेऊन धावायचो.

अडचण एकच, भाषेची. तीही मराठीच, पण आमच्या साताऱ्याची नव्हे! इथे 'ये' म्हणायचं तर 'येजो' म्हणतात, 'कर' म्हणायचं तर 'करजो'. आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, बजारातून भेदरं आणजा." मी गार! भेदरलेला माणूस तर समोरच उभा होता, आणखी कुठून आणू? (टोमॅटो हवे होते.) पण समजलं नाही तर विचारायचं नाही, नुसती मान डोलवायची, हा माझा शाळेपासूनचा नियम. त्यापायी शाळा सुटली, नियम मात्र सुटला नाही.

आता गाडी. सासरे एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेब बदलून गेले तेव्हा ही पांढरी अँबॅसेडर सासऱ्यांनी घेऊन ठेवली. 'घेऊन ठेवली' हा शब्द अगदी बरोबर, कारण पुढे ती ठेवलेलीच राहिली. अंगणात, फाटकाकडे तोंड करून. सासरे रोज सकाळी तिच्यात बसून पेपर वाचायचे. सासूबाई चहा घेऊन आल्या की काच खाली करून कप आत घ्यायचे, टोलनाक्यावर पावती घ्यावी तसा!

माणूस ड्रायव्हर म्हणून शिस्तीचा. उभी करताना जो हँडब्रेक ओढला तो ओढलाच. त्यावर किती पावसाळे गेले देव जाणे. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, त्याला आतून ब्रेकचे पट्टे लागतात. ते असे चिकटून बसले, की गाडी म्हणजे अंगणात उगवलेलं झाडच झालं.

आणि धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं.

"मांडव कुठं टाकाचा?" सासूबाईंनी विचारलं. "तुमच्या गाडीच्या टपावर?"

सासरे बाहीनं गाडीची काच पुसायला लागले.

"सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. हालत नाई तं जागेवरच कापतो म्हणे."

त्या दिवशी सासरे गाडीत जाऊन बसले, पण पेपर उघडला नाही. नुसतं स्टेअरिंग धरून बसले. चहा आला, काच खाली झाली नाही. मला ते बघवेना आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी सोडवतो ब्रेक!"

"तुमाले येते?" सासूबाई.

मी मान डोलवली. (नियम!)

गाड्यांमधला माझा अनुभव म्हणजे सायकलचं पंक्चर. तडक धनराजभाऊंकडे पळालो. "भाऊ, ड्रम ब्रेक सोडवता येतात का तुम्हाला?"

"मले? अबे, जिनिंगचा आख्खा रोलर म्या एकट्यानं खोलला! हे तं डबे आहेत, डबे!"

रविवारी सकाळी डबे उघडायला सुरुवात झाली. जॅक लावायचा, चाक काढायचं, ड्रमच्या कडेनं तेल सोडायचं, मग लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी ठोकायचं. "हातोडी!" मी हातोडी देत होतो. "पेचकस!" मी पेचकस देत होतो. ऑपरेशनमधल्या कंपाउंडरसारखं वाटायला लागलं मला! पुढची चाकं लवकर ऐकली. मागचं उजवं जेवणाच्या वेळेपर्यंत रुसून बसलं, पण हँडब्रेकची तार काढून टाकल्यावर तेही फिरलं. मागचं डावं मात्र ढिम्म.

"हे चाक तुह्या सासूवानी आहे," भाऊ घाम पुसत म्हणाले. "एकदा नाई म्हणलं का नाईच."

"मले ऐकू येते, धनराज!" फाटकाजवळ बाजेवर लग्नाच्या कुरडया घालत बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला.

शेवटी भाऊंनी ते चाक परत बसवलं, जॅक उतरवला आणि जाहीर केलं, "आता धक्क्यानंच सुटंन." पुढच्या चाकाला उटी म्हणून एक मोठा दगड लावला होता, कारण आमचं अंगण उंचावर आणि फाटकापासून खाली सरळ उतार. दगडाजवळ मला उभं केलं. "काका, तुमी ष्टेरिंगवर बसा," असं म्हणायचा अवकाश, सासरे इस्त्रीचा शर्ट घालून हजर! भाऊंनी मागून डिकीला खांदा लावला, डोळे गच्च मिटले आणि गाडी मागेपुढे झुलवायला लागले. आतून काहीतरी करकरलं. तसे भाऊ ओरडले, "सातारकर! गोटा पायजो!"

आता बघा. आमच्याकडे हातोडी हवी असेल तर 'हातोडी पायजे' म्हणतात. सकाळपासून जे जे पायजे ते मी देत आलो होतो. गोटा म्हणजे दगड, हे मला ठाऊक होतं. आता या घडीला दगड कशाला, असा प्रश्न पडला. पण विचारायचं नाही! मी चाकाखालचा दगड हिसडून काढला, दोन्ही हातांनी उचलला आणि मागे पळत जाऊन भाऊंपुढे धरला.

"घ्या भाऊ."

खट्ट!

भाऊंनी डोळे उघडले. समोर गाडी नव्हती. मी होतो.

"हे काय बे?"

"गोटा. पायजे म्हणालात ना?"

"पायजो म्हणलं बे! पायजो! म्हंजे ध्यान ठेवजो!"

व्याकरणाचा हा तास संपेपर्यंत गाडी फाटकातून बाहेर. ब्रेकचं तेल कधीच आटलेलं, हँडब्रेकची तार आमच्याच हातांनी काढलेली. इतकी वर्षं जिचा ब्रेक सुटत नव्हता, तिला आता ब्रेकच नव्हता! हॉर्नही नव्हता. सासरे खिडकीतून डोकं काढून तोंडानं "पों! पों!" करत निघाले होते. सासूबाईंच्या बाजेला त्यांनी दोन बोटांचं अंतर राखून असा वळसा घातला, की एक कुरडई हलली नाही. मागून दगडासकट धावणारा मी मात्र थेट बाजेवर! ओल्या कुरडया, मी आणि दगड, तिघेही जमिनीवर.

उताराखाली शेजाऱ्यांच्या गोठ्यापाशी सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुश्शाचा, मोठा ढीग होता. गाडी त्यात अर्धी घुसून थांबली.

मग दार उघडलं आणि डोक्यावर कुटार घेऊन सासरे बाहेर आले.

"चालली!" ते ओरडले. "पाह्यलं का? चालली माही गाडी!"

पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "गोटा कोणं काढला?"

माझ्या कानावरून कुरडई लोंबत होती. मी मनातल्या मनात बॅग भरली. साताऱ्याला घरी काय सांगायचं, तेही जुळवायला लागलो. तोच धनराजभाऊ पुढे आले, छाती काढून.

"म्या काढाले लावला, काकू. मांडवाले जागा पायजे होती ना तुमाले? झाली! ढकलत बसलो असतो तं दिवस गेला असता. हे आपली पद्धत आहे."

सासूबाईंनी मोकळं अंगण पाहिलं. मग कुटारात उभं राहून हसणारे सासरे पाहिले, जरा जास्त वेळ पाहिले. म्हणाल्या, "मंग कुरडया कोण घालंन, धनराज?"

"हा घालंन," भाऊंनी मला पुढे केलं. (घातल्या. सुषमानं साचा धरला, मी दाबला.)

सोमवारी भंगारवाला कटर घेऊन आला. "गाडी कुठं आहे?"

"चालती गाडी कोण भंगारात देते, बाप्पा?" सासूबाई म्हणाल्या. "कालच फिराले गेलती ते!"

पुढे मिस्त्रीकडून ब्रेक नवे करून घेतले आणि मेव्हणी त्याच गाडीतून सासरी गेली. गाडी चालवायला सासरे, शेजारी मी आणि सासूबाईंच्या हुकमावरून माझ्या पायाशी तोच दगड.

धनराजभाऊ, त्या दिवशी माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत, वर तिला पद्धत म्हणालात. एक दिवस मी हे फेडणार आहे. तुमची गाडी, बैलबंडी, जे काय असेल ते कुठल्याही उतारावर उभं करा, मी उटीचा दगड धरून बसतो. मग पायजो म्हणा, पायजे म्हणा, हात जोडून मागा, तरी तो दगड तुम्हाला मिळणार नाही!