जवळचं केंद्र शोधणारी ओळ

"साठा कुठेही उपलब्ध नाही." स्क्रीनवर एवढंच आलं आणि ॲम्ब्युलन्स शाहूवाडीकडून थेट कोल्हापूरला निघाली. आत घोणस चावलेली बाई होती. आणि वीस मिनिटांवरच्या एका केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन फ्रीजमध्ये पडून होतं.

कुठल्या केंद्रात इंजेक्शन आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसचं. फंक्शनल लँग्वेजमधलं. म्हणजे छोट्या छोट्या फंक्शन्सची साखळी, एकाचं उत्तर पुढच्याच्या हातात. क्रम चुकला की खेळ खलास.

साखळी मी लिहिलेली. अख्खी एका ओळीत, आणि फंक्शन्सची नावं एफ, जी, एच. काय मिरवलो होतो मी ऑफिसात! माझी सहकारी सविता तेव्हाच म्हणाली, "बसूदादा, कुठलं काय करतंय कळंना की. जरा नीट नावं दे."

"डोकं चालव की जरा," मी म्हणालो. सगळे हसले.

पुढं मी रजेवर गडहिंग्लजला गेलतो. फ्रीज बंद पडलेली केंद्रं वगळायचं काम तिच्याकडे आलं. 'जवळचं एक केंद्र निवड' या फंक्शनच्या आधी वगळायला हवं होतं. तिनं नंतर वगळलं. टेस्ट करताना लांबच्या केंद्राचा फ्रीज बंद धरला, म्हणून उत्तर बरोबर आलं. त्या दिवशी मात्र सगळ्यात जवळचाच फ्रीज बंद होता. सॉफ्टवेअरनं तेच एक केंद्र निवडलं, मग तेही वगळलं. वीस मिनिटांवरच्या, फ्रीज चालू असलेल्या केंद्रापर्यंत ते पोचलंच नाही. हातात काहीच उरलं नाही.

बाई वाटेतच गेली.

साहेब सवितावर कडाडले, "वाचता येत न्हाय तर हात कशाला लावलास?"

"साहेब, ते कुणालाच वाचता येत न्हाय. मी तसंच लिहिलंय," मी म्हणालो. मग तिच्याकडे वळलो. "अगं, पण मला एक फोन तरी करायचास."

"परत हसला असतास," ती म्हणाली.

लाज वाटली. अजून वाटते.

आठवड्यानं बाईचा नवरा ऑफिसात आला. चप्पल दारातच काढली. "पावणं, मशिनीला खरंच दिसलं न्हाय व्हय?"

"इंजेक्शन होतं, मामा. मी लिहिलेलं चुकलं."

तो चप्पल घालून गेला.

त्या ओळीच्या आता अकरा ओळी झाल्यात. 'फ्रीज चालू असलेली केंद्रं', 'त्यातलं सगळ्यात जवळचं', अशी साधी, लांबलचक नावं. सविता एका दमात वाचते. कोड दुसऱ्याला वाचता यावा म्हणून लिहायचा असतो, एवढंच यातनं शिकलो.

ते बदलायला मला वीस मिनिटं लागली.