टिपणीसबाई सेटिंग बदलतात

वासंती टिपणीस यांना वासंती म्हणून हाक मारणारी माणसं डोंबिवलीत आता चार-दोनच उरली असतील. बाकी सगळ्यांच्या त्या टिपणीसबाई. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली एकोणतीस वर्षं आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेत पंच म्हणून उभ्या राहिल्या. उभ्या म्हणजे खरोखरच उभ्या. पंचासाठी खुर्ची ठेवतात, हेच त्यांना मंजूर नव्हतं. मुलांच्या रांगांमधून त्या फिरायच्या आणि कुणाचं बोट एखाद्या सोंगटीला नुसतं शिवलं, तरी मागून आवाज यायचा, "हात लावलास ना? आता तीच खेळ."

"टीचर, चुकून लागला हो!" पोरगं रडकुंडीला यायचं.

"हात आपोआप हलत नसतो. डोकं हलवतं म्हणून हलतो. खेळ."

या एका वाक्यापायी किती पोरांनी आपले वजीर गमावले, देव जाणे. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गणितात आणि बुद्धिबळात दयामाया आणली की दोन्हींचा विचका होतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि मत बदलायची त्यांना सवय नव्हती.

निवृत्त झाल्या, नंतर टिपणीस गेले, आणि मुलगा शौनक, नातू अद्वयला घेऊन, ठाण्याला घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेला. जाताना त्यानं आईच्या हातात एक टॅब ठेवला आणि त्यात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम टाकून दिला. दर रविवारी दुपारी तीन वाजता मायलेकांचा डाव ठरला. तो ठाण्यात सोफ्यावर, ह्या डोंबिवलीत खिडकीपाशी. दोन वर्षांत शौनक एकदाही जिंकला नव्हता, आणि त्याचं त्यालाही काही वाटत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्या प्रोग्रॅमचं सेटिंगचं पान उघडलं आणि पेपर तपासायला बसावं तशा बसल्या. पट कसला हवा? लाकडी, हिरवा, निळा, संगमरवरी. लाकडी. सोंगट्यांना माणसांचे चेहरे? नको, पोरखेळ. चाल केल्यावर टक् आवाज? असू दे, घरात तेवढीच सोबत. सोंगटी कुठे कुठे जाऊ शकते ते ठिपके दाखवू का? "म्हणजे प्रश्नपत्रिकेवरच उत्तरं छापायची! बंद." सोंगटीवर नुसती टिचकी मारून मग घरावर मारायची, की बोटानं ओढून न्यायची? ओढून न्यायची. बुद्धिबळात सोंगटी उचलून ठेवतात, टिचक्या मारत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती, 'चाल पक्की करण्यापूर्वी विचारा'. ते सुरू केलं की सोंगटी ठेवल्यावर खाली एक बरोबरची खूण आणि एक फुली यायची. बरोबर दाबलं तर चाल झाली, फुली दाबली तर सोंगटी आपल्या घरी परत.

बाई चष्मा काढून त्या ओळीकडे बघतच राहिल्या. हात लावून परत घ्यायची सोय, आणि तीही अधिकृत! ते त्यांनी बंद ठेवलं, आणि वर शौनकला फोन करून त्या प्रोग्रॅमवाल्यांच्या नावानं चार शब्दही सुनावले. शौनक बिचारा फक्त "हं, हं" करत होता.

घसरण सुरू झाली ती गेल्या गणपतीनंतर. बाई अनोळखी लोकांशीही खेळायच्या आणि प्रोग्रॅम त्यांच्या खेळाला गुण द्यायचा. ते सोळाशे चाळीसवर होते, ते दिवाळीपर्यंत पंधराशेच्या खाली आले आणि संक्रांतीला तेराशेच्या. चांगला बांधलेला डाव, आणि मध्येच वजीर भलत्याच घरात जाऊन बसायचा, समोरच्याच्या प्याद्याच्या तोंडी. बाई थिजून बघायच्या. आपण इथे ठेवला? इथेच ठेवायचा होता का? काय विचार केला होता आपण? मुद्दा असा की हात हलला होता, म्हणजे डोक्यानंच हलवला होता. एकोणतीस वर्षं पोरांना ठणकावून सांगितलेलं, ते स्वतःपुरतं खोटं कसं म्हणायचं?

त्यात त्यांची थोरली बहीण कल्याणला होती. ती आता कुणालाच ओळखत नव्हती. तिचं सुरू झालं तेही असंच, विणकामाचे टाके चुकण्यापासून. बाई बहिणीला भेटून आल्या की दोन दिवस टॅबला हात लावायच्या नाहीत. चहाचा कप धरताना उजवा हात थोडा थरथरायचा, तेही त्यांनी डोक्याच्याच खात्यावर मांडलं आणि कुणाला सांगितलं नाही. कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या.

आणि मग शौनक जिंकायला लागला. एक रविवार, दोन, तीन, चार. चौथ्या डावात आईनं फुकटात दिलेला वजीर त्यानं घेतला आणि त्याला जेवण गोड लागेना. त्यानं फोन केला. "आई, इकडेच ये ना राहायला. अद्वयच्या शेजारची खोली रिकामीच आहे. आणि आपण एकदा डॉक्टरांना... म्हणजे मेमरीचं वगैरे..."

"स्पष्ट बोल. माझं डोकं जातंय असं म्हणायचंय ना तुला?"

तो रिकाम्या खोलीतल्या कपाटाबद्दल बोलायला लागला. ते बाईंना जास्त लागलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी शेवटचा डाव. हरले तर सामान बांधते. मग घर विक, भाड्यानं दे, काय वाटेल ते कर."

"अगं, त्याचा डावाशी काय संबंध?"

"परीक्षेशिवाय निकाल मी कुणाला दिला नाही, घेणारही नाही." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मग बराच वेळ मोकळ्या पटाकडे बघत बसल्या. त्या घाबरल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अशा परीक्षेला बसायचं होतं, जिचा अभ्यास कुठून करायचा तेच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी आवडाबाई आली. मोठागावच्या खाडीवरची ही कोळीण तीस वर्षं त्यांच्या दारात मासळी घेऊन यायची. सीकेपी घर, त्यामुळे शुक्रवार चुकवायची कुणाचीच टाप नव्हती. आवडाबाईनं जिन्यात टोपली टेकवली, बाईंनी बोयचे कल्ले उघडून पाहिले, एक ठेवली, दुसरी घेतली, पोटाला दाबून पाहिली, तीही ठेवली, तिसरी चाचपली, आणि शेवटी पहिलीच पसंत केली. आवडाबाई विळीवर बसली. बाई तिच्या शेजारीच दारातल्या खुर्चीवर टॅब घेऊन बसल्या; कापता कापता तिची नजर पटाकडे जायची. रविवारच्या आधी जमेल तेवढे डाव खेळायचे, असा त्यांनी चंगच बांधला होता.

त्यांना एक सवय होती. फळ्यावर गणित सोडवताना तोंडानं बोलायच्या, तशा चालीही पुटपुटायच्या. "प्यादं पुढे... उंट आला... आता वजीर घोड्याच्या मागे." टक्. आणि लगेच, "अरे देवा!"

वजीर गेला होता.

आवडाबाईनं पटावरून नजर वर केली. "काय झालं ओ टीचर?"

"काही नाही. डोकं चालत नाही आता माझं." बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. आणि निघालं तसे डोळेही भरून आले. टिपणीसबाईंना रडताना आवडाबाईनं फक्त एकदाच पाहिलं होतं, टिपणीस गेले तेव्हा. तिनं हात पदराला पुसले आणि सरकून जवळ आली.

"यातला मना काय बी कलत नाय. पन तुमी बोललाव घोड्याच्या मागं, आन ठेवलाव घोड्याच्या म्होरं. घोडा तर मना वलखता येतो ना!"

"काय म्हणालीस?"

"तोंड बराबर बोललं तुमचं. बोट घसारलं. तुमचा हात कापतोय टीचर, मी कवाधरनं बघतंय. पैसं देताना बी कापतो. माज्या सासूचा कापायचा तसा. म्हातारी नव्वदीला पोचली, पन कुनाच्या घरात कदी काय घडलं, सगला तोंडपाठ!"

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पण हात लावला की तीच चाल धरायची, असा नियम आहे."

"ह्यो कंचा नियम?" आवडाबाई भडकलीच. "मंग माज्या टोपलीला तुमी किती हात लावता? आता तीन बोयी उलथ्यापालथ्या केल्याव. मी बोलले, हात लावलाव तर घ्या? मी आपली बसून र्‍हाते. मंग इचारते, 'कापू?' तुमी बोलता 'काप', आन मंग ती तुमची. कापल्यावर परत करायला आनलीव, तर मी घेनार नाय. पन कापायच्या आदी इचारायला नको? इचारल्याबिगर कापनारी कोलीन तुमी कदी बगितलीव काय?"

बाईंनी पाहिली नव्हती. अशी कोळीण साऱ्या डोंबिवलीत नसेल.

आवडाबाई गेल्यावर बोय तशीच ओट्यावर ठेवून बाई खिडकीपाशी येऊन बसल्या. हात लावणं ही चाल नव्हे, 'काप' म्हणणं ही चाल. इतकी साधी गोष्ट आपल्याला कळायला पंच्याहत्तरावं वर्ष उजाडावं, याचा त्यांना राग आला. त्याहून जास्त आठवली ती रडकुंडीला आलेली पोरं. त्यातल्या काहींचा हात खरंच चुकून लागला असेल, आणि आपण भर हॉलमध्ये त्यांच्या डोक्याची लाज काढली. बाईंना फार वाईट वाटलं. मग त्यांनी सेटिंगचं पान उघडलं आणि अगदी तळाची ती ओळ सुरू केली. तेवढं करतानाही बोट दोनदा भलतीकडेच गेलं.

रविवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी शौनकला फोन लावला. चोरून सवलत घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"डावाआधी सांगून ठेवते. मी एक सेटिंग बदललंय. चाल पक्की करण्यापूर्वी मला विचारतं. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग."

"हरकत कसली? माझं तर पहिल्यापासून चालूए."

"काय?"

"अगं, स्क्रीनवर हात चुकतोच ना. मी पहिल्या दिवशीच ऑन केलेलं."

"दोन वर्षं? आणि मी फोनवर एवढं बोलले तेव्हा 'हं, हं' करत होतास?"

"तू इतकी चिडलेलीस, मी काय सांगणार होतो!" शौनक ओशाळून म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. आवाज तोच होता, रांगांमधून फिरणारा. "बस आता. बघते तुला."

डाव सुरू झाला. बाईंनी शेजारी एक कागद आणि पेन्सिल घेतली. चाल करायच्या आधी ती तोंडानं म्हणायची, सोंगटी ठेवायची, मग पटावर बघायचं. बोललं तेच घर असेल तर बरोबरची खूण. नसेल तर फुली, आणि कागदावर एक रेघ. सहाव्या चालीला उंट एक घर अलीकडे पडला. फुली, रेघ. अकराव्याला घोडा. चौदाव्याला वजीर थेट शौनकच्या हत्तीच्या तोंडी जाऊन बसला, पण खालची खूण थांबून होती. काही कापलं गेलं नव्हतं. त्यांनी वजीर परत आणला आणि उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन हवा तिथे ठेवला.

विसाव्या चालीनंतर शौनकनं विचार करायला वेळ घ्यायला सुरुवात केली. पंचविसाव्याला त्याचा घोडा अडकला. तेहेतिसाव्या चालीला बाई तोंडानं म्हणाल्या, "हत्ती शेवटच्या रांगेत, मात." हत्ती एक घर आधी पडला. त्यांनी फुली दाबली, रेघ मारली, मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं आणि पुन्हा ठेवला. बरोबरची खूण दाबली. टक्.

त्यांनी रेघा मोजल्या. सतरा. सतरा वेळा हात चुकला होता आणि सतराही वेळा डोक्यानं त्याला पकडलं होतं. बाईंनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि रेघा परत मोजल्या. सतराच. त्या एकट्याच हसल्या आणि मग हसता हसता त्यांना हुंदका आला.

फोन वाजला. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"रडतोस काय रे? हरलास म्हणून?"

"हो," शौनक म्हणाला. "किती दिवसांनी हरलोय मी, आई."

चार रविवार हा पोरगा जिंकत होता आणि किती जड मनानं जिंकला असेल, हे बाईंना आत्ता कळलं.

"शौनक, ऐक. माझा उजवा हात थरथरतो. पाच-सहा महिने झाले. मी लपवलं."

"अगं, मग सांगायचं ना!"

"मला वाटलं डोकंच गेलं. डोकं ठीक आहे, माझ्याकडे सतरा रेघांचा पुरावा आहे, भेटलास की दाखवते. पण हाताचं काहीतरी करायला हवं. डॉक्टरांकडे घेऊन चल मला. हातासाठी."

"उद्याच येतो. सुट्टी टाकतो."

"उद्या नको, उद्या शाळेत जायचंय. यंदाच्या स्पर्धेला पंच हवाय म्हणून त्यांचा कधीचा निरोप आहे आणि मी टाळत होते. मंगळवारी ये."

"आणि इकडच्या खोलीचं काय?"

"त्यात अद्वयला अभ्यासाला बसव," टिपणीसबाई म्हणाल्या. "आणि घड्याळ बघ, चार वाजायचेत अजून. दुसरा डाव लाव. या वेळी पांढऱ्या सोंगट्या तुला."