मोजाबाहेरची ओंजळ

चंद्रपूरच्या त्या मोठ्या मार्टात मी पहिल्यांदा गेले ती खरेदीला नाही, गारव्याला. मे महिन्यातली दुपार होती, घरचा कूलर नुसती वाफ फेकत होता आणि बोलायला भिंतींशिवाय कोणी नव्हतं. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, म्हणजे आयुष्यभर चाळीस पोरांच्या कलकलाटात राहिलेली आणि आता प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही ‘आले, आले’ म्हणणारी. ऑटो केला आणि गेले.

दारात माझी पिशवी प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून दिली. तीस वर्षं मी पोरांची दप्तरं तपासली होती. आता माझी पिशवी कोणी तरी तपासत होतं, याची मला गंमत वाटली. आत मात्र इतकं गार होतं की पदर अंगाभोवती घ्यावा लागला. त्या दिवशी मी एक साबण ढकलगाडीत टाकून तिन्ही मजले फिरले आणि ऊन उतरल्यावर घरी आले.

मग सवयच लागली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. नवीन लग्न झालेली जोडपी बादलीच्या रंगावरून भांडत, मी शेजारी उभी राहून पापड पाहिल्यासारखं करी. कुरखेड्याकडून आलेली बायामाणसं पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला येत. त्यांना मी न विचारता सांगे, “ते कढई नका घेऊ, बूड पातळ हाये.” काही जणी ऐकत. काही जणी माझ्याकडे अशा पाहत, की ही कोण आणि कुठून उगवली. मला राग यायचा. फुकटचा सल्ला देऊन राह्यली तर निदान ‘हो’ तरी म्हणा.

तिथल्या ऑफरवरही माझा राग होता. एकावर एक फुकट. दोन घ्या, तिसरा आमच्याकडून. चार जणांच्या कुटुंबासाठी खास. एकट्या माणसासाठी त्या तीन मजल्यांत एकही पाटी नव्हती. दुसरा टूथब्रश मी कोणाच्या तोंडात घालू? पैसे भरायच्या रांगेत शेवटी एकच प्रश्न यायचा: “पिशवी पाहिजे का?” असे कितीतरी दिवस गेले की दिवसभरात मला कोणी विचारलेला तो एकच प्रश्न. मी ‘नको’ म्हणायची आणि बाहेर आल्यावर वाटायचं, ‘हो’ म्हटलं असतं तर ‘मोठी की लहान’ एवढं तरी बोलणं झालं असतं.

साबण, तेल, पोहे, झाडू, सगळं मी तिथून आणलं. फक्त तांदूळ कधी आणला नाही. तांदूळ आम्ही विकत घेत नाही. आमचं गाव नागभीडजवळ, धानाच्या बांध्यांमध्ये. आमच्याकडच्या बाईला शहरात दिलं तरी तिच्या चुलीवर भात शिजतो तो माहेरचा. ज्या घरात दुकानातला तांदूळ येतो, त्या घराबद्दल आमच्या बाया आवाज खाली करून बोलतात: हिचं माहेर तुटलं वाटतं. आणि माहेरचा तांदूळ मागायचा नसतो, तो यायचा असतो.

तो दरवर्षी यायचा. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मळणी झाली, धान भरडून आलं, की तो मला बोलावून घ्यायचा आणि माझ्यासमोर पायलीनं मोजायचा. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. बाबा असंच मोजायचे. मोजून झालं की पायली बाजूला ठेवायची आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून पोत्यात वरून सोडायची. भाऊ दरवेळी म्हणायचा, “बाई, हे मोजाचं नाई.” मोजलेला तांदूळ वाट्याचा, आणि वरची ओंजळ मायेची, असं आमच्या घरात होतं. ती पडल्याशिवाय पोत्याचं तोंड शिवत नसत. मग तो ते पोतं पॅसेंजरमध्ये घालून चंद्रपूरला आणून टाके. ‘आता मी एकटी आहे, कमी आणत जा’ असं मी सांगितलं तर कानावर घ्यायचा नाही.

गेल्या वैशाखात भाऊ गेला. शेतातून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईस्तोवर आटोपलं होतं. मी तेरवीपर्यंत राहिले. मग परत आले आणि पुन्हा त्या घराकडे फिरकले नाही. खरं सांगते, मला भीती वाटली. भावाशिवायचं ते घर माझं आहे की नाही, हे मला विचारायचं नव्हतं. वहिनीनंही फोन केला नाही. मी मनात तिच्यावर एक रेघ ओढून ठेवली.

पौष आला. धान घरात आलं असणार. मी वाट पाहिली. दार कोणी वाजवलं की वाटायचं, पोतं आलं. यायचा तो मीटर पाहणारा. संक्रांत झाली. डबा खरवडून शेवटची वाटी काढली तेव्हा वहिनीला एक फोन लावायला काय लागत होतं? काही नाही. पण मागायचा नसतो, हे माझ्या हाडात बसलेलं. दोन दिवस पोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ताप आल्यासारखं वाटलं, मऊ भात खावासा वाटला, आणि मी मोबाईल चार्जिंगला लावून मार्टात गेले.

तांदळाचे मोठमोठे उघडे खण होते, प्रत्येकावर पाटी आणि आत तांदूळ उपसायला प्लास्टिकचं मोठं डावलं. आपणच पिशवीत भरायचं, पलीकडे बसलेल्या बाईकडून वजन करून घ्यायचं, ती चिठ्ठी चिकटवून देते. मी चार खणांतले दाणे तळहातावर घेतले, फुंकले, दाताखाली धरले. नवा तांदूळ दाताला चिकटतो, जुना कट्कन तुटतो. एक बरा वाटला. मी पिशवीत डावलं रिकामं केलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “लाभ.” मग दोन. मग तीन. पाचवर थांबले.

बाईनं वजन केलं, चिठ्ठी लावली. “तोंड बांधून देऊ का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. पिशवी घेऊन निघाले आणि त्याच खणाजवळून जाताना पाय थांबले. पिशवी अपुरी दिसत होती. मी ती काठावर टेकवली, दोन्ही हात तांदळात खुपसले, ओंजळ भरली आणि वरून सोडली. असं करताना मी काही विचार केला असं मला सांगता येत नाही. हातांनी केलं.

“ओ बाई! वजन झाल्यावर काऊन टाकून राह्यल्या?”

अख्ख्या मजल्यानं वळून पाहिलं. एका पोराच्या दप्तरात खडू सापडला म्हणून मी त्याला वर्गासमोर उभं केलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. माझे कान तसेच तापले. मी सांगायला गेले की हे मोजाचं नाही, हे वरचं असतं, आणि निम्म्यातच मला कळलं की ज्यानं हे ऐकून हो म्हटलं असतं तो माणूस आता नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खणाचा काठ धरला आणि तिथेच रडायला लागले. भाऊ गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

त्यांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं. तिथला साहेब आला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ. त्यानं चोर म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो म्हणाला, “आजी, होतं असं. तुम्ही एकट्या जाऊ नका. घरच्यांचा कोणाचा नंबर देता का?” त्याला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. घरच्यांचा नंबर! मोबाईल घरी होता आणि मुलीचा नंबर मला पाठ नाही. पाठ असलेला एकच नंबर मी सांगून टाकला. त्यानं लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा भावाचा नंबर आहे.

“हां, कोन?” वहिनीचा आवाज. भावाचा फोन ती वापरत होती.

साहेबानं सगळं सांगितलं. तुमच्या एक आजी दुकानात आहेत, तांदळाचं वजन झाल्यावर त्यांनी वरून ओंजळभर टाकला, आणि आता रडताहेत. मग वहिनी म्हणाली, “त्याहीले द्या फोन.”

मी फोन कानाला लावला.

“बाई, दुकानचा तांदूळ काऊन घेऊन राह्यल्या तुमी?”

“घरचा सरला,” मी म्हटलं. आयुष्यात मी मागण्याच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते.

“पोतं तं मोजून ठेवलं हाये. संक्रांतीच्या आंदीपासून.”

“मंग पाठवलं काऊन नाई?”

“तोंड शिवलं नाई न. वरची ओंजळ थे टाकत. मले टाकवली नाई. पोरगा मोहर्लीच्या नोकरीवरून सुट्टीवर आला, म्हने मी टाकतो. मी म्हटलं राहू दे. बाई येतीन, तवा पाहू. तुमी तं तेरवीपासून एक फोनबी नाई केला.”

मी तिच्यावर रेघ ओढून बसले होते आणि ती तिकडे उघड्या पोत्याजवळ बसली होती. माझी लाज आता दुसऱ्याच गोष्टीची होती. “उद्या येतो,” एवढंच म्हणाले आणि फोन परत दिला.

वजनवाल्या बाईनं माझी पिशवी खणात ओतली. ती जरा वरमली होती. मी तिला म्हटलं, “तुमचं बरोबर होतं.” जाताना खोबरेल तेल घेतलं, एकावर एक. बिल करणाऱ्या मुलीनं पिशवी पाहिजे का म्हणून विचारलं आणि मी ‘हो, मोठी’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागभीडला उतरले, तिथून ऑटोनं गावी. वहिनी दारातच उभी होती. तिची मनगटं इतकी बारीक झाली होती की मी तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. तेलाची बाटली दिली. ती म्हणाली, “कायले आणलं?” आणि लगेच कोनाड्यात नीट ठेवली. आम्ही भात-वरण जेवलो. भावाचं नाव दोघींनीही काढलं नाही. त्याची काठी दारामागे तशीच होती, त्याची चप्पल मात्र कोणी तरी उचलली होती.

पोतं आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं, तोंडावर वर्तमानपत्र झाकलेलं. शेजारी उरलेल्या तांदळाची कोठी. सुई आणि सुतळी वहिनीनं कोठीवरच ठेवली होती, किती दिवसांपासून कोण जाणे. तिनं कागद काढला.

“टाका न, बाई. तुमच्या हातानं टाका.”

“आपल्या पोत्यात आपल्याच हातानं टाकली तं ते चोरी होते, वहिनी,” मी म्हटलं. “करून पाह्यलं मी.”

ती हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मग तिनं पदरानं हात पुसले, कोठीत खुपसले. तिची ओंजळ लहान. भावाच्या ओंजळीच्या अर्धी असेल. बोटांच्या फटीतून दाणे गळत होते. तिनं ती पोत्यावर नेली, क्षणभर तशीच धरून ठेवली आणि सोडली. खाली सांडलेले दाणे एकेक वेचून आत टाकले.

“हे मोजाचं नाई,” ती म्हणाली.

मला ते तिच्या तोंडून ऐकवलं नाही. मी खाली मान घालून सुईत सुतळी ओवायला घेतली, आणि ती काही केल्या ओवता येईना.