सोज्जी-बज्जी आणि कुंभकोणमची उत्तम प्रकृती

तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. हसा, पण आधी तो कप खाली ठेवा. अंगावर चहा सांडलात तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी तोंडावर आपटलो, पण कुंभकोणमला जसा आपटलो तसा कुठेच नाही. आणि तेही अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी सांगलीचा. संख्याशास्त्र शिकलो होतो. म्हणजे नक्की काय शिकलो हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते लोकांना सांगायचे, पोरगा हिशेब शिकतोय. मद्रासला एका सरकारी खात्यात मला हंगामी नोकरी लागली. खात्याचं काम एवढंच, की कशामुळे काय होतं ते शोधायचं. विहिरीच्या पाण्यानं ताप जास्त येतो की नळाच्या? आई शिकलेली असली तर मुलं कमी आजारी पडतात का? कॉफीनं पित्त वाढतं का? सगळी कारणं वेगवेगळी करायची आणि कुठलं खरं, कुठलं उगीच मध्ये लुडबुडतंय ते ठरवायचं.

आमचे साहेब तमिळ, अंगानं काटकुळे आणि बोलण्यात त्याहून काटकसरी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की कुंभकोणमला पुष्कळ मराठी घरं आहेत, तुमची भाषा बोलतात, तिथल्या घरांच्या प्रकृतीची पाहणी करा. पाहणी चांगली झाली तर नोकरी कायम. नाही झाली तर? ते त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. नाही झाली तर सांगलीला काकांच्या हळदीच्या वखारीत बसायचं, आणि जन्मभर पिवळ्या हातांनी जेवायचं.

तर मी कुंभकोणमला उतरलो. सेतुमाधवराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, त्यांच्याकडे खोली घेतली. तिथल्या मराठी मंडळींत त्यांचा शब्द मोठा. विठ्ठलाच्या देवळातलं भजन त्यांच्या खुणेशिवाय सुरू व्हायचं नाही. ही मंडळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेली, त्यामुळे त्यांची मराठी तेव्हाचीच राहिली होती. बाहेर तमिळ, घरात ही. पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, भवानीबाईंनी, मला विचारलं, "तुम्हांस न्याहारीस काय रुचतें?" आणि मला वाटलं आता हिच्यामागून घोडेस्वार येणार.

त्याच बाईंनी मग चौकशी केली, की इतक्या दूर येणं कशासाठी केलं. मी इमानदारीत सांगितलं. म्हटलं, इथली मराठी घरं बघायचीत. घरात मुली किती, मुलगे किती, वयं काय, उंची काय, शिक्षण किती, घराण्यात काही रोग आहे का, उत्पन्न काय, एवढं विचारायचंय.

बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्हांसंगें वडील माणूस कोणी नाहीं कां?"

मी म्हटलं, नाही, बघायचं आणि मोजायचं काम माझं. शेवटचा निर्णय मद्रासचे साहेब घेतील.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? एक अक्षर तरी खोटं बोललो का मी? बाई लगबगीनं आत गेल्या, आतून मागच्या दारानं बाहेर गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत मला बोलावणी यायला लागली. मी म्हटलं, काय हे सहकार्य! आमच्या सांगलीत खानेसुमारीवाला आला की लोक दार लोटून घेतात.

पहिल्या घरी गेलो तर ओटा सारवलेला, दारात ठसठशीत रांगोळी. आत सतरंजी. बसतो न बसतो तोच केशरी रव्याचा शिरा आला, वर तूप, आणि त्याच्याबरोबर कच्च्या केळ्याची गरम भजी. तिकडे त्याला सोज्जी-बज्जी म्हणतात. मागून पितळी वाटी-पेल्यात फेसाळ कॉफी. बशी घेऊन घरातली मुलगी आली होती, रेशमी साडी नेसून. मी मनात नोंद केली की इथले लोक रोज दुपारी असे बसतात. खाणं संपलं आणि मी खिशातून टेप काढला.

आधी आजोबांची उंची मोजली. मग वडिलांची, आईची, आणि शेवटी त्या मुलीची. डोळ्याची पापणी ओढून रक्त किती आहे ते बघितलं. जीभ काढायला सांगितली. बारीक अक्षरांचा कागद वाचायला दिला, तो तिनं वाचला, आणि मग कोणी न सांगता एक पद म्हटलं. चांगलं लांबलचक पद. मी लिहून घेतलं, फुफ्फुसं उत्तम.

घरातले सगळे माझ्याकडे टकमक बघत होते. पुढे मला कळलं, की त्या रात्री गल्लीत चर्चा झाली होती. महाराष्ट्रातले लोक आजकाल फार बारकाईनं बघतात म्हणे, आजोबांपासून सुरुवात करतात.

मग रोगांविषयी विचारलं. वडील म्हणाले, या घरात कोणाला कसला रोग म्हणून नाही. ताप? नाही. खोकला? नाही. मधुमेह? त्यांनी कानावर हात ठेवले. हे सांगताना आजोबा कोपऱ्यात खोकत होते, पण वडील म्हणाले तो खोकला नाही, ती त्यांची लकब आहे. मी लकब लिहिली.

असं घरामागून घर चाललं. एका घरी मी जाताना पुढचा दात पडलेली बाई दिसली, ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली की दातांची तक्रार आमच्यात नसतेच. काही घरी मात्र शिरा नाही, भजी नाही, नुसतं ताक. आणि त्या घरांत रोगांचं प्रदर्शन! एका घरी मूळव्याध, दमा, साखर, आणि एका काकांना तर दर अमावास्येला काहीतरी व्हायचं, काय ते त्यांनाच सांगता येईना. उलट ते माझ्याकडे औषध मागत. मी म्हणे मी डॉक्टर नाही, तर म्हणत, मग जीभ कशाला बघतां?

मी या घरांत जातो त्याचंही गल्लीत कौतुकच होतं. मुलगा हुशार आहे, शेजाऱ्यांकडून माहिती काढतोय, असं सगळे समजून चालले होते. मला हे कोणी सांगायचं? कोणीच नाही!

रात्रंदिवस डोकं खाजवून मी आकडे मांडले. विहीर असो की नळ, फरक नाही. आई शिकलेली असो की अडाणी, फरक नाही. कॉफी तर सगळेच घागरीनं पीत होते. मग ही अर्धी घरं ठणठणीत आणि अर्धी रोगांनी खचलेली, हे कशामुळे? मी वैतागून गेलो. महामखमच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून विचार करायचो, आणि तिथली बदकं सुद्धा मला मूर्ख समजतात असं वाटायचं.

आणि एका संध्याकाळी उजेड पडला! ज्या घरी सोज्जी-बज्जी, त्या घरी रोग नाही. ज्या घरी ताक, त्या घरी रोग. एकही अपवाद नाही, अहो, एकही! अशी जोडी संख्याशास्त्रात जन्मात एखाद्याला सापडते. मला गहिवरून आलं. नोकरी कायम तर झालीच, पण खात्यात माझ्या नावाची पद्धत वगैरे निघेल असं वाटायला लागलं. मी अहवाल लिहिला: दुपारचा रव्याचा गोड पदार्थ आणि कच्च्या केळ्याची भजी हे कुंभकोणमच्या मराठी घरांच्या निरोगीपणाचं मुख्य कारण दिसतं, तरी सरकारनं शाळांतून हा आहार सुरू करण्याचा विचार करावा. शेवटची सूचना माझी स्वतःची. टपालात टाकला.

साहेब उत्तर पाठवतील असं वाटलं होतं. साहेब स्वतःच आले. जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, उतरले, माझ्याकडे नखशिखान्त बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, तुमच्या निरोगी घरांपैकी एका घरी मला घेऊन चला. मला वाटलं, एवढा मोठा शोध, डोळ्यांनी बघायला आले.

मी त्यांना कावेरीच्या घरी नेलं. कावेरी ही त्या घरची मुलगी. तिच्याकडे मी जरा जास्तच काळजीनं मोजमाप केलं होतं, का ते विचारू नका. आम्ही ओट्यावर पाय ठेवला मात्र, आणि घरात धावपळ उडाली. मद्रासचे वडील माणूस आले, असं कोणीतरी आत ओरडलं. मला ते मानाचं वाटलं. साहेबांना पाट, तक्क्या, पंखा घेऊन एक म्हातारी. आणि दोन बशा आल्या. शिरा. भजी.

मी साहेबांकडे विजयी मुद्रेनं बघितलं आणि एक भजं तोंडात टाकलं. साहेबांनी बशीला हात लावला नाही. ते कावेरीच्या वडिलांशी तमिळमध्ये बोलले, वडीलही बोलले, हात जोडून, बराच वेळ. मग साहेब माझ्याकडे वळले.

"तुमच्या प्रांतात मुलगा मुलगी पाहायला आला की त्याच्यापुढे काय ठेवतात?"

"पोहे," मी म्हटलं. तोंडात भजं होतं.

"आमच्या इथे हे ठेवतात."

भजं घशात जे अडकलं ते अजून पुरतं उतरलं नाही असं समजा. डोळ्यांपुढून सगळी घरं सरकत गेली, रेशमी साड्या, पदं, उंच्या. गावातल्या यच्चयावत लग्नाच्या मुली मी पाहून आलो होतो. टेप लावून! जीभ काढायला लावून! आणि घरात उपवर मुलगी असताना कुठला बाप सांगेल, की आमच्याकडे दमा आहे? ज्यांच्या मुली उजवल्या होत्या त्यांना लपवायचं काय कारण? त्यांनी भडाभडा खरं सांगितलं, आणि त्यांना मी रोगी ठरवलं. सगळी कारणं मी वेगवेगळी केली होती, लुडबुडणारं कारण तेवढं राहिलं होतं. ते सतरंजीवर बसून शिरा खात होतं.

सेतुमाधवरावांना बोलावणं गेलं. ते आले तोपर्यंत मी भिंतीला चिकटलो होतो. साहेबांनी त्यांची माफी मागितली, खात्यातर्फे. म्हणाले, या मुलाच्या मनात लग्नाचं काही नव्हतं, गैरसमज झाला, आपल्या मंडळींना नकार ऐकावा लागतोय याचं वाईट वाटतं.

सेतुमाधवरावांनी शांतपणे उपरणं सावरलं.

"नकार आम्हींच देणार होतों," ते म्हणाले. "काल देवळांत सगळे बसलों, बोललों. कोणत्याहि घरानें मुलगी द्यावयाची नाहीं, असें ठरलें."

आता मला सांगा, मला लग्न करायचं नव्हतं. एकाही मुलीशी नव्हतं. मग मला ते का झोंबलं? आणि साहेबांपुढे गप्प राहायचं सोडून मी का विचारलं, की का म्हणून?

त्यांनी सांगितलं. त्यांनीही चौकशी केली होती. भवानीबाईंचा भाऊ मद्रासला असतो, तो आमच्या खात्यात शिपायाला भेटून आला. नोकरी हंगामी, हे कळलं. मी किती खातो हे सगळ्या घरांनी एकमेकांना विचारून ताडून पाहिलं. तरी दोन-तीन बाप तयार होते, उंची बरी आहे म्हणून. मग मुलींना विचारलं.

"ही कावेरी काय म्हणाली, सांगूं?" सेतुमाधवराव म्हणाले. "म्हणाली, त्यांनीं मजकडे पाहिलेंच नाहीं, टेपाकडे पाहिलें. बाकीच्याहि मुली तेंच म्हणाल्या."

दाराआड बांगड्या वाजल्या. कावेरी ऐकत होती, आणि मी खोटं म्हणू शकलो नाही, कारण तिची उंची मला पाठ होती आणि चेहरा आठवत नव्हता. फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

परत येताना साहेब जटक्यात बोलले, आणि त्यांच्या मानानं पुष्कळ बोलले. म्हणाले, या लोकांनी प्रत्येक घरी तोच प्रश्न विचारला, उत्तरं ताडून पाहिली, बाहेरून खातरजमा केली आणि एकमतानं निष्कर्ष काढला. कुंभकोणममध्ये यंदा एकच पाहणी नीट झाली, ती तुमची. म्हणजे तुमच्यावरची. नोकरी कायम करण्याचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तेच म्हणाले, एक शेवटची संधी देतो. माणसांची नाही. पापनाशमच्या बाजूला जा, बैलांच्या प्रकृतीची पाहणी करा. पाणी, चारा, गोठा, कशानं काय होतं ते बघा. बैलांची लग्नं होत नाहीत.

मी गेलो. यावेळी डोळे उघडे ठेवायचे, असा निश्चय करून गेलो. पहिल्याच गोठ्यात मालकानं माझं हसून स्वागत केलं, बैलाला पुढे आणलं, त्याच्या अंगावर नुकतंच तेल चोळलेलं, शिंगं रंगवलेली. मी म्हटलं, शिकलोय मी आता. आधी चेहऱ्याकडे बघितलं. बैलाच्या. मग उंची मोजली, दात बघितले, पाठीवर थाप मारली, खूर उचलून पाहिले. मालकाला विचारलं, कधी आजारी पडला होता? तो म्हणाला, जन्मात नाही. शेजारच्या गोठ्यात गेलो, तिथंही तेच. त्याच्या पुढच्या गोठ्यातही तेच. गावातला एकही बैल कधी आजारी पडलेला नाही!

मी खाली बसून लिहिलं, पापनाशमचा चारा अद्भुत आहे. मालक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. लिहून झालं तसं त्यानं अदबीनं विचारलं, की मग किती देणार, आणि बैल आजच नेणार की बाजाराच्या दिवशी.