ते वाक्य लेखी द्या

"तुमच्यातली मुलं तर किती काटक असतात! हे घाबरण्याबिबरण्याचं दुखणं तुमच्यात कधीपासून आलं हो?"

मुख्याध्यापिका हसत म्हणाल्या. त्यांच्या हातात डॉक्टरांचं पत्र होतं. पत्रावरचं आडनाव त्यांनी एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग हे वाक्य आलं.

माझी मुलगी प्राची शेजारच्या खुर्चीवर बसली होती. नववीतली. दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. वाक्य ऐकलं आणि तिची बोटं थांबली.

त्याआधी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत दुसरे पालक होते. दार अर्धवट उघडं. त्यांच्या मुलालाही वर्गासमोर उभं राहिलं की धाप लागायची. बाईंचा आवाज बाहेर येत होता, अगदी मऊ. "हल्लीची मुलं फार संवेदनशील असतात हो. आपणच जपायला हवं. त्याची तोंडी परीक्षा मी वेगळ्या खोलीत घ्यायला सांगते. तुम्ही निर्धास्त राहा." मग आत चहा गेला.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तिचे खांदे जरा सैल झाले होते. आमचंही तेवढंच मागणं होतं. वेगळी खोली, समोर एकच शिक्षक. डॉक्टरांनी पत्रात तेच लिहिलं होतं.

मग आमची पाळी आली आणि ते वाक्य आलं. त्याच्यामागून आणखी एक. "प्रत्येक गोष्टीत सवलत मागायची सवय लागली की असं होतं. गोळ्या बंद करा. सकाळी पळायला पाठवा. होईल काटक."

मी पत्राची घडी घातली. "बरं," म्हणाले आणि उठले.

आम्हाला चहा विचारला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मी एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळते. कागद, खुर्च्या, शाई, फिनेल. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं, याच्या याद्या करते. घरीही करते. यादी केली की माझा जीव शांत होतो. प्राचीचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी आधी यादीच केली. शाळेच्या दिवशी सकाळी मळमळ. सुट्टीच्या दिवशी नाही. हडपसरच्या स्टॉपवर बस येते, ही चढत नाही. दुकानात सुट्टे पैसे मागताना घाम.

सुरुवात एका कवितेने झाली होती. वर्गासमोर म्हणायची होती. पाठ होती. घरी कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून म्हणून दाखवली होती. वर्गात उभी राहिली आणि आवाज गेला. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, ती खालीच बसली. वर्ग हसला. शिक्षक म्हणाले, "आली नाटक कंपनी."

नारायण पेठेत एक डॉक्टर आहेत. मनाच्या. त्यांनी आधी नुसतं बोलणं सुरू केलं. मग गोळी सुरू केली. गोळी लिहून देताना त्या माझ्याशी स्पष्ट बोलल्या. "गुण यायला काही आठवडे लागतात. त्रास मात्र आधी होऊ शकतो. मळमळ, झोप बिघडणं, चिडचिड. मनाने बंद करायची नाही. आणि ती फार अस्वस्थ झाली, जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच फोन." मग प्राचीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. तुला जे वाटेल ते आईच्या आधी मला सांगितलंस तरी चालेल."

मी फ्रिजवर यादी लावली. गोळी नाश्त्यानंतर. पाकीट माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. मळमळ किती, झोप किती. डॉक्टरांचा नंबर लाल शाईने.

प्राचीने यादी वाचली. "आई, मी काय फिनेल आहे का? आवक-जावक लावलीस माझी."

मी यादी फ्रिजवरून काढून कपाटाच्या दाराला आतून लावली. बंद केली नाही.

ते पहिले आठवडे वाईट होते. पोह्यांचा वास आला तरी ती उठून जायची. पाय सतत हलायचा. एकदा डबा भिरकावला, मग तो उचलताना रडली. मला कळलं की दर तासाला "आता कसं वाटतंय?" विचारणं हाही एक त्रासच आहे. मी विचारणं सोडलं. शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. संध्याकाळी तिला कालव्याच्या कडेने चालायला न्यायचे. ती बोलली तर बोलली. एखाद्या दिवशी फक्त कुत्र्यांबद्दल बोलायची.

घरात आबा आहेत. माझे वडील. कारखान्यात ओझी उचलून म्हातारे झाले. नवरा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे दिवसा घर त्यांच्या ताब्यात. गोळी बघून ते म्हणाले, "आपल्यात असलं काय नसतंय. आपण एवढं सोसलं ते काय गोळ्या खाऊन?"

मी दुर्लक्ष केलं होतं. म्हातारा माणूस, म्हटलं. पण सदाशिव पेठेतल्या शाळेत, बाईंच्या त्या खोलीत तेच वाक्य दुसऱ्या तोंडातून आलं. आबांच्या तोंडात त्याचा अभिमान होता. बाईंच्या तोंडात त्याचं कौतुक होतं. दोन्हींचा अर्थ एकच. तुम्हाला दुखत नाही.

आणि ज्याला दुखत नाही असं एकदा ठरलं, त्याला काहीही केलेलं चालतं. आमच्याशी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. कोण उन्हात राबेल? हे, काटक आहेत. कोण गटारात उतरेल? हे, यांना काही होत नाही. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, खुर्चीवर बसलो. हा शब्द तेवढा खुर्चीपर्यंत आमच्या मागे आला. आता तो माझ्या मुलीच्या छातीवर ठेवला गेला होता, आणि मी "बरं" म्हणून उठले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीने गोळी घेतली नाही.

"नको."

"का गं? पोटात मळमळतंय?"

"मी काटक होणार आहे."

मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. आवाज चढला माझा. तिचा चढला नाही.

"तू तिथे काहीच बोलली नाहीस, आई. म्हणजे तुलाही ते पटलं."

"नाही पटलं."

"मग 'बरं' का म्हणालीस?"

आबा दारात उभे होते.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जबरदस्ती करू नका. पण हे असंच सोडूनही देऊ नका. मनाने बंद केली तर त्रास वाढेल. फोन तिला द्या." प्राची फोनवर बराच वेळ फक्त "हं" म्हणत होती. मग फोन माझ्या हातात दिला.

"तू परत शाळेत जा," ती म्हणाली. "मग मी बघते."

"तू येशील?"

"येईन. पण आपल्या आधी जो मुलगा होता, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला पण असंच होतं. त्याला मिळालं ते त्याला राहू दे."

माझ्याकडे हत्यार तेवढं एकच होतं. दाराआडून ऐकलेलं. ते तिने काढून घेतलं. मी कबूल झाले.

रजा टाकली. अर्ज लिहिला. दोन प्रती. सोबत डॉक्टरांचं पत्र. शेवटची ओळ मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिली आहे, पण स्वतःसाठी पहिल्यांदाच. 'विनंती मान्य नसल्यास कारणासह लेखी कळवावे.'

शाळेच्या कार्यालयातला कारकून प्रत बघून दचकला. "मॅडमना विचारल्याशिवाय पोच देता येत नाही."

"मग विचारा. मी बसते."

तोच बाक. प्राचीचा पाय हलत होता. मी माझा पाय तिच्या पायाला लावून ठेवला, थांबवायला नाही, नुसताच.

बाईंनी आत बोलावलं. अर्ज वर-खाली पाहिला.

"अहो, काल बोललो ना आपण."

"काल तोंडी बोललो. आज लेखी आणलंय."

"हे तुमचं सरकारी ऑफिस नाही. ही शाळा आहे."

"म्हणूनच विनंतीअर्ज आहे. ऑफिस असतं तर आज स्मरणपत्र आणलं असतं."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, मी सगळ्यांनाच अशा सवलती देत बसले तर—"

त्या मुलाचं नाव माझ्या जिभेवर आलं. अगदी टोकावर. टेबलाखाली प्राचीचा बूट माझ्या चपलेवर आला आणि दाबून बसला. मी नाव गिळलं.

"नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा," मी म्हटलं. "कारणही लिहा. काल दिलंत तेच. 'तुमच्यातली मुलं काटक असतात. हे दुखणं तुमच्यात कधीपासून आलं.' खाली सही, आणि शाळेचा शिक्का."

कारकून दारात उभा होता, तो आत येईना की बाहेर जाईना.

"मी असं काही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही विपर्यास करताय."

"म्हटलं होतं."

हा आवाज माझा नव्हता.

प्राची उभी राहिली होती. मान लाल झाली होती. दप्तराची बक्कल वाजत होती. तिने ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं. सगळं. 'तुमच्यातली'पासून शेवटच्या 'हो'पर्यंत. मध्ये दोनदा श्वास अडकला. दोन्ही वेळा ती थांबली आणि पुन्हा शब्द धरला. मग म्हणाली, "आणि आधी तुम्ही माझं आडनाव दोनदा वाचलं. मी बघत होते."

आणि बसली. मी पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. हात लावला नाही. ते उभं राहणं तिचं होतं.

"अगं, मी कौतुकाने म्हटलं," बाई म्हणाल्या. आता त्या तिच्याशी बोलत होत्या.

"कौतुक असेल तर लिहायला हरकत नसावी," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं. मग अर्जावर 'मान्य' लिहिलं आणि सही केली. कारकुनाने शिक्का मारला. माझी प्रत माझ्या हातात आली.

"राग मानू नका हं," बाई म्हणाल्या. "आम्ही जातपात वगैरे काही मानत नाही."

"जातीचा शब्द मी काढला नव्हता. आत्ता तुम्हीच काढलात."

बाईंनी माफी मागितली नाही. मला ती नकोही होती. मला शिक्का हवा होता.

शाळेच्या फाटकाबाहेर प्राचीला उलटी झाली. रस्त्याच्या कडेला, येणारे-जाणारे बघत असताना. मी तिची पाठ धरून उभी राहिले. स्कूटरवरची एक बाई नाकाला रुमाल लावून गेली.

"मला वाटलं, मी मरतेय," प्राची म्हणाली.

"माहीत आहे."

"तरी बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडायच्या आत आबांनी तिच्यापुढे भाकरी आणि दूध ठेवलेलं होतं. "आधी खा. पोटात काय नसताना ती घ्यायची नाय. आईनं लिवलंय आत." माझी कपाटातली यादी म्हाताऱ्याने कधी वाचली, मला कळलं नाही. प्राचीने खाल्लं. अर्धी भाकरी. मग हात पुढे केला आणि गोळी घेतली.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. झालेलं नाही. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण मध्ये एकदा बदललं. अजून एखाद्या सकाळी बस येते आणि निघून जाते. तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत झाली. निम्म्यावर तिचा आवाज गेला. निम्मे गुण मिळाले. ते तिचे आहेत. बाई आता समोर आल्या तर फळ्याकडे बघतात.

कोणी मला म्हणेल, एवढ्या साध्या गोष्टीचं एवढं केलंत. हो, केलं. पुढेही करणार आहे. शाळेत, दवाखान्यात, नातेवाइकांच्या लग्नात, जिथे कोणी माझ्या मुलीला काटक हो म्हणेल तिथे. आमच्या आधीची माणसं हौसेने काटक झाली नव्हती. त्यांना दुखलं तेव्हा कोणी विचारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो वारसा मी माझ्या घराच्या दारात थांबवला आहे. माझ्या मुलीला भीती वाटते. ती औषध घेते. ती उघड घेते, आणि जोवर डॉक्टर सांगतील तोवर घेणार.

अर्जाची ती शिक्क्याची प्रत माझ्या पर्समध्ये असते. सोबत एक कोरा कागद आणि पेन. पुन्हा कोणी भुवया उंचावून विचारलं, "तुमच्यात पण असतं हे?" तर उत्तर ठरलेलं आहे.

हो. आमच्यात पण. लेखी हवं असेल तर देते. आणि तुमचा प्रश्नही लेखी घेते.