अण्णांच्या फिशटँकमधली बैठकव्यवस्था

अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठी शाळेतून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत घरातल्या सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारून मोकळे झाले. आता यांना कसला तरी नाद लावल्याशिवाय आपली सुटका नाही, असं आई म्हणू लागली. मी तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टायपिस्ट होते. दिवाळीनंतर मीच तीन फुटी फिशटँक घरी आणला. लोखंडी अँगलची चौकट, कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बसवलेल्या काचा, आणि मागून चिकटवायला समुद्रातल्या प्रवाळांचं आणि माशांचं रंगीत चित्र.

अण्णांना त्या चित्रातलेच मासे हवे होते. दुकानदार चांदवडकडचा, मोकळा माणूस.

“मास्तर, ते खाऱ्या पाण्यातले,” तो म्हणाला. “नाशकात समुद्र कुठून आणू? गोड्या पाण्यातले घ्या, तेबी लय देखणे हायेत.”

त्याने दोन एंजल मासे काढून दिले. मग अण्णांची नजर पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या टायगर बार्बवर गेली.

“हे जरा वात्रट हायेत,” दुकानदाराने आधीच सांगितलं. “घ्यायचे तर सहा-आठ घ्या. दोनच नेले तर दुसऱ्यांच्या खोड्या काढतील.”

अण्णा हसले. “अहो, उभा जन्म मुलं सांभाळली मी. वात्रटांचा घोळका कधी होऊ द्यायचा नाही. एक वात्रट, शेजारी एक गरीब, असं बसवायचं. आपोआप सुधारतात.” आणि त्यांनी दोनच बार्ब घेतले, दोन एंजलच्या जोडीला.

हा नियम मला चांगलाच माहीत होता. चौथीत मी अण्णांच्याच वर्गात होते आणि गरीब म्हणून माझी निवड झाली होती. वर्षभर मी वर्गातल्या सगळ्यात द्वाड मुलीशेजारी बसले. ती बाकाखालून चिमटे काढायची, माझ्या वेणीची रिबन सोडून घ्यायची. अण्णा मात्र शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायचे, की माझ्या मुलीमुळे ती किती शांत झाली बघा. चिमट्यांबद्दल मी घरी कधीच बोलले नाही. दुकानात अण्णांचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या कपाळावर आठी पडली.

पहिल्यांदा टँकचा दिवा लावला तेव्हा आम्ही तिघंही काचेला नाक लावून बसलो. आम्ही गोदावरीकाठची माणसं. मासे पाहिले ते चुरमुरे टाकल्यावर वर येणाऱ्या काळ्या पाठी, नाहीतर बाजारातल्या पाटीत. मासा असा समोरून, त्याच्या डोळ्याला डोळा लावून बघता येतो, हेच मुळी ठाऊक नव्हतं. एंजल ताटलीसारखा चपटा, वर आणि खाली लांबलचक पर. तो आपल्याकडे तोंड करून वळला की नाहीसाच व्हायचा, पाण्यात नुसती एक उभी रेघ उरायची. पुन्हा वळला की अख्खा मासा हजर. आईने नकळत हात जोडले आणि मग स्वतःच हसली.

चार दिवसांत एंजलचे पर झिजल्यासारखे दिसू लागले. मी ऑफिसातून आले की बघायची, बार्ब मागून येऊन पराचा तुकडा तोडून पळायचे. आठवडा झाला तेव्हा त्यातला एक एंजल कोपऱ्यात पंपामागे उभा राहिला तो खायलाही बाहेर येईना.

“रुळेल,” अण्णा म्हणाले.

“मरेल,” मी म्हणाले.

“मग काय करू? अजून सहा वात्रट आणून ठेवू?”

“दुकानदार तेच सांगत होता.”

“त्याने कधी वर्ग घेतलाय?”

माझं डोकंच फिरलं. शनिवारी हाफ डे होता. मी तडक दुकानात गेले आणि सहा बार्ब घेऊन आले. पिशवी पाण्यात तरंगत ठेवली तेव्हा अण्णा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. अंदाज चुकला असता तर त्या एंजलचा जीव माझ्यामुळे गेला असता.

पिशवीचं तोंड सोडलं आणि नवे मासे बाहेर आले. क्षणभर आठही बार्ब थबकले. मग एकाने दुसऱ्याला ढुशी दिली, दुसरा तिसऱ्यामागे धावला, आणि बघता बघता सगळ्यांची पळापळ सुरू झाली. पाण्यात पिवळी-काळी भिंगरी फिरत होती. कोण कुणाला चावतंय ते कळत नव्हतं, पण एंजलकडे एकाचंही लक्ष नव्हतं. मी आ वासून बघत राहिले. संध्याकाळी कोपऱ्यातला एंजल बाहेर आला आणि त्याने दाणे टिपले.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तर त्याचे पर पुन्हा वाढू लागले. आधी काठाला काचेसारखी पातळ, पारदर्शक पट्टी आली, मग तिच्यात हळूहळू रंग भरला. तुटलेलं अंग असं मुकाट्याने परत येतं, हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी मानलं नसतं. अण्णा तासन्‌तास त्या पराकडे बघत बसायचे.

एका रविवारी माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “चौथीत तुला त्या मुलीचा त्रास व्हायचा?”

“व्हायचा. रोज चिमटे काढायची.”

“सांगितलं का नाहीस?”

“वर्गात तुम्हाला गुरुजी म्हणायचं, असं तुम्हीच बजावलं होतंत. घरी आल्यावरही तुम्ही मला गुरुजीच वाटायचात.”

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “तू घरात होतीस म्हणून तुला विचारता तरी आलं. वात्रटांशेजारी बसवलेल्या बाकीच्यांना आता कुठे गाठू?”