मीटरवाले काका कुठे कुठे बसले

मीटरवाल्या काकांनी चौतीस वर्षं घरोघरचे विजेचे आकडे टिपले, तेही पायी हिंडून. निवृत्त झाल्यावर तीन महिने ते घरात बसले आणि मग काकूंनीच त्यांना आमच्या ऑफिसात पाठवून दिलं. "स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नंबर टाकायला लागले होते," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आम्हाला तेव्हा चालणारी माणसं हवीच होती. नदीच्या दोन्ही काठांवरची गावं, कालवा, टेकडी आणि रेल्वेलाइनपलीकडची वस्ती, एवढ्या मुलखात पायी आणि सायकलने कुठून कुठे जाता येतं याचा नकाशा आम्ही करत होतो. मोठे रस्ते उपग्रहाच्या चित्रात दिसतात. गिरणीच्या भिंतीमागची बोळ किंवा झाडांखालून जाणारी पायवाट दिसत नाही. तिथे कुणालातरी स्वतः जावं लागतं. साबणाच्या वडीएवढं यंत्र खिशात टाकायचं आणि चालायचं. दर पाच सेकंदांनी आपण कुठे आहोत ते यंत्र नोंदवतं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरला जोडलं की पडद्यावर ठिपक्यांची ओळ उमटते. त्या ओळी साफ करून एकमेकींना जोडायचं काम माझं.

पहिल्या दिवशी काका वही घेऊन आले, कानावर पेन्सिल. मी हसत म्हटलं, "काका, लिहायची काही गरज नाही. यंत्र सगळं लक्षात ठेवतं." त्यांनी वही खिशात घातली. दुसऱ्या दिवसापासून ती आणलीच नाही.

त्यांची ओळ मी नाव न बघता ओळखायचे. इतरांच्या ओळी सरळ जायच्या, काकांच्या ओळीत मध्येमध्ये गुंते असायचे, लोकर गुंतल्यासारखे. माणूस एका जागी थांबला की यंत्राचे ठिपके त्याच्याभोवती भिरभिरत राहतात आणि रस्त्याची लांबी उगाच वाढते, म्हणून ते गुंते काढून टाकावे लागतात. साहेब त्यावरून त्यांना टोमणे मारायचे. रस्ता मोजायला पाठवलंय, डुलकी काढायला नाही, म्हणायचे. काका मनावर घेत नसत. बसायची जागा बघत होतो, एवढंच सांगत.

मला ती थट्टाच वाटली होती. मग एकदा चहाच्या वेळी त्यांनी नीट सांगितलं. काकूंच्या पायांना रक्त पुरत नव्हतं. दहा मिनिटं चाललं की पोटऱ्या दगड व्हायच्या आणि पाच मिनिटं कुठेतरी टेकलं की पुन्हा चालता यायचं. त्यांची थोरली बहीण कालव्याच्या पार पलीकडच्या टोकाला राहायची. तिला फोनवर ऐकू येत नसे, काकूंना बस सोसत नसे. दोन वर्षं दोघी बहिणींची गाठ नव्हती.

"रस्ता चार किलोमीटरचा आहे हे तुमचा नकाशा सांगेल, ताई," काका म्हणाले. "पण बसायचं कुठे ते कोण सांगणार? माझी ही घरातून निघतानाच तेवढं विचारते. आणि हिच्यासारख्या काय कमी आहेत?"

म्हणून ते प्रत्येक रस्ता काकूंच्या चालीने चालायचे. दहा मिनिटं झाली की टेकायला काय मिळतं ते बघायचे. एखादा कठडा, पायरी, टाकीचा ओटा. आणि काकूंना तिथे बसवेल का, हे स्वतः पाच मिनिटं बसून ठरवायचे. मी म्हटलं, आमच्या तक्त्यात रुंदी आहे, चढ आहे, दिवे आहेत, पण बसायच्या जागेचा रकाना नाही. "मग घाला की," ते म्हणाले. मी म्हटलं, बघते.

त्याच दिवसांत माझी लेक सायकलने कॉलेजला जायला लागली होती. तिच्या फोनचा ठिपका मला माझ्या फोनवर दिसायचा. तो हलत असला की माझं कामात लक्ष लागायचं, थांबला की मी काम टाकून त्याच्याकडेच बघत बसायचे. काका हे रोज बघत होते. "तुमचं आपलं उलटंच आहे," ते एकदा म्हणाले. "ठिपका थांबला की माझा जीव खाली बसतो, तुमचा वर येतो."

नकाशा पाठवायच्या आदल्या संध्याकाळी काकांचे सगळे रस्ते माझ्यापुढे होते, सत्तेचाळीस. सफाई करण्याआधी मूळ नोंदींची प्रत वेगळी ठेवायची, हा नियम ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना मीच शिकवते. सव्वासहाला लेकीचा ठिपका रेल्वेच्या पुलाखाली थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. मी एक डोळा फोनवर ठेवून सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ओळी एकदम निवडल्या आणि तीन मिनिटांहून जास्त थांबलेले सगळे ठिपके काढून टाकायची आज्ञा दिली. पडद्यावर प्रश्न आला, त्याच नावाने साठवायचं का? मी हो म्हटलं, पर्स उचलली आणि धावत सुटले.

लेक पुलाखाली उकिडवी बसून चेन चढवत होती. हात काळेकुट्ट, फोन दप्तरात. "आई, चेन पडली होती," ती म्हणाली. "आकाश नाही पडलं."

सकाळी ऑफिसात येऊन बघते तर ओळी सुतासारख्या सरळ. एकही गुंता नाही, आणि मूळ नोंदी कुठेच नाहीत. यंत्रंही पुढच्या फेरीसाठी पुसून झाली होती. साहेबांनी कामाचं कौतुक केलं. मी कुणाला काही बोलले नाही. नकाशाला जे लागणार होतं ते सगळं जागेवर होतं.

काका मात्र भेटले की रकान्याचं विचारायचे. थंडी सरली की काकूंना कालव्याने बहिणीकडे नेणार, म्हणायचे. मी दर वेळी बघते म्हणायचे. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर ते दोन शिव्या हासडून पुन्हा चालले असते. पाय धड होते, जागा डोक्यात ताज्या होत्या. वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसले असते तरी एका दुपारीत सगळं लिहून झालं असतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते मी चार महिने बोलले नाही, आणि मग एका सकाळी काका दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने काकू ऑफिसात आल्या. जिन्यात दोनदा बसून आल्या होत्या. खुर्चीत टेकल्यावर म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलंय, सगळं तुमच्या यंत्रात आहे. मला कालव्याच्या रस्त्याचा तेवढा कागद काढून द्या. बहिणीकडे जाईन म्हणते."

मी कालव्याचा रस्ता उघडला. स्वच्छ निळी रेघ. मग मी त्यांना काय झालं ते सांगितलं. पुलाखालच्या चेनचंही सांगितलं, खरं तर त्याची काही गरज नव्हती. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"वही नेऊ नका म्हणालात ना त्यांना," त्या म्हणाल्या. "घरी येऊन काय खूश होते. आता पेन्सिलीला सुट्टी, म्हणाले."

तक्त्यात मी त्याच दिवशी रकाना घातला. साहेबांनी एका शब्दाने विचारलं नाही. आधीही विचारलं नसतं.

पुढच्या रविवारी मी काकूंना घेऊन कालव्यावर गेले. मला एवढंच सुचलं होतं, की काका काकूंच्याच चालीने चालायचे, तर जिथे काकू दमतील तिथेच त्यांची जागा असणार. आणि झालं तसंच. पहिल्या दहा मिनिटांनी काकूंची पोटरी धरली आणि बाजूलाच रस्त्याखालच्या मोरीचा कठडा होता, गुडघ्याएवढा, वरून सपाट. दुसऱ्या वेळी पंपघराची पायरी. काकूंनी बसण्याआधी तिच्यावर तळवा टेकवून पाहिला. "ऊन आहे इथे," त्या म्हणाल्या. "गार दगडावर मला बसवत नाही, ठाऊक होतं त्यांना." तिसऱ्या वेळी कुणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा जाड पाइप, गवतात आडवा. तिथे त्या पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं बसल्या. मी घाई केली नाही.

चौथ्या वेळी काही नव्हतं. काकू एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. मी पुढे जाऊन पाहिलं, मागे पाहिलं, उतारावरून खाली उतरले. झुडपं आणि तारेचं कुंपण. ओढणी अंथरते, खालीच बसा, असं मी म्हटलं.

"खाली बसले तर उठवायला त्यांनाच बोलवावं लागेल," काकू म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "बघून ठेवली असणार त्यांनी, इथेच कुठेतरी."

मी पुन्हा एकदा उतारावर गेले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, तुझा ठिपका कधीचा हलत नाहीये. बरी आहेस ना?"

"मी बरी आहे," मी म्हटलं. "काकूंना बसायला जागा सापडत नाहीये."

वर आले तेव्हा काकू तशाच उभ्या होत्या. झाडांवरून पलीकडच्या वस्तीची पाण्याची टाकी दिसत होती, बहिणीचं घर तिच्याच पायथ्याशी. पोटऱ्या जरा सैल झाल्यावर काकूंनी झाड सोडलं आणि माझा दंड धरला.

"चला, पाइपापर्यंत मागे जाऊ," त्या म्हणाल्या. "तिथलं तरी ठाऊक आहे."